पाइप आधी, भिंत मागाहून

दिवा सोडून लोकल कोपरकडे निघाली की रुळांच्या दोन्ही अंगांना इमारतींच्या पाठी दिसू लागतात. दर्शनी बाजूला नवा रंग आणि सोसायटीच्या नावाची पाटी असेल, पण पाठीमागे पावसाच्या पाण्याचे पाइप आणि त्यांच्या कडेने खाली उतरलेले काळपट-हिरवे पट्टे. डोंबिवली गेली, ठाकुर्ली गेली, कल्याण आलं तरी ते पट्टे संपत नाहीत. खिडकीजवळ जागा मिळाली तर एवढंच बघा की पट्टा सुरू कुठून होतो. काही पट्टे गच्चीच्या कठड्यापासून निघतात, काही मधेच, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मजल्यावर उगवतात. दुरुस्तीचं निम्मं निदान तेवढ्यावरून होतं.

मी सिव्हिल इंजिनीअर आहे. राहते डोंबिवलीत, आणि ठाणे ते कल्याण या भागातल्या जुन्या सोसायट्यांच्या दुरुस्तीवर देखरेख करते. जून उजाडला की फोन सुरू होतात. "मॅडम, बेडरूमच्या भिंतीला ओल आलीय. एक जण बघून गेला, बाहेरून केमिकल मारायला सांगतोय. करून टाकू का?" मी आधी विचारते, त्या भिंतीवरून पाइप गेलाय का? बहुतेक वेळा गेलेला असतो. मग माझं उत्तर ठरलेलं असतं: भिंतीला हात लावू नका, आधी पाइप बघू. पाइप तसाच ठेवून रंगवलेली भिंत पुढच्याच पावसाळ्यात पुन्हा फुगते. सोसायटीचे लाखभर रुपये पाण्यात जातात, आणि नंतर खऱ्या कामासाठी वर्गणी मागायला गेलं की लोक कमिटीवर विश्वास ठेवत नाहीत. या दुसऱ्या नुकसानाचं मला जास्त वाईट वाटतं, कारण ते भरून यायला वर्षं लागतात.

पाण्याचा हिशेब एकदा समजून घ्यायला हवा. आपल्याकडे वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. एका चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. मध्यम आकाराच्या इमारतीची गच्ची तीनशे चौरस मीटर धरा. तासाला १०० मिलिमीटरची सर कोसळली तर त्या गच्चीवर तासाभरात ३० हजार लिटर पाणी उतरतं, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर. पाइपांसाठी महत्त्वाचा असतो तो पावसाचा हा जोर, वर्षाची बेरीज नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. सरासरी काढली तर तासाला ३९ मिलिमीटर येते, पण त्यातला बराचसा पाऊस दुपारनंतरच्या काही तासांतच कोसळला होता. गच्चीवरच्या पाइपांची परीक्षा अशा तासांत होते.

राष्ट्रीय इमारत संहितेत यासाठी साधा तक्ता आहे. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तर तीन इंची पाइप २०.४ चौरस मीटर गच्चीचं पाणी वाहून नेतो आणि चार इंची पाइप ४२.७ चौरस मीटरचं. पावसाचा जोर १५० मिलिमीटर धरला तर चार इंची पाइपाच्या वाट्याची गच्ची २८.५ चौरस मीटरवर येते. आता वरच्या तीनशे चौरस मीटरच्या गच्चीला भागून बघा. कमीत कमी आठ चार इंची पाइप हवेत. ठाण्याची महानगरपालिका १९८२ साली झाली, कल्याण-डोंबिवलीची १९८३ साली. त्या सुमाराला उभ्या राहिलेल्या कितीतरी इमारतींना चार नाहीतर पाच पाइप दिसतात, त्यातला एखादा तीन इंची आणि एखादा तुंबलेला. पाइप वाढवणं हे भिंतीच्या रंगापेक्षा स्वस्त काम आहे, पण सर्वसाधारण सभेत ते कुणी मांडत नाही.

त्यात गेल्या काही वर्षांत गच्च्यांवर पत्र्याच्या शेड आल्या. गळणाऱ्या गच्चीवर तो उपाय म्हणून चालतो, महापालिकेची परवानगी मात्र घ्यावी लागते. पण गच्चीवर पसरून, थोडं रेंगाळून जाणारं पाणी शेडवरून एकदम एका कडेला धावतं. शेडची पन्हळ दोन टोकांना उघडते आणि पूर्वी चार पाइपांत वाटलं जाणारं पाणी दोन पाइपांवर येतं. शेड बांधणारा पत्र्याचे पैसे घेतो आणि जातो. पाइप पुरतील का, हे विचारणं आपलं काम आहे.

तुंबण्याच्या जागा दोन, वर तोंडाशी आणि खाली बेंडमध्ये. वरचं कारण बहुधा डोळ्यांना दिसतं. मे महिन्यात गच्चीवर पापड-कुरडयांची वाळवणं पडतात, त्यांचे प्लॅस्टिकचे कागद मागे राहतात. संक्रांतीचा मांजा असतो, कबुतरांच्या काड्या आणि पिसं असतात, तोंडाशी मूळ धरलेला पिंपळ असतो. याखेरीज एक कारण आहे ते पटकन लक्षात येत नाही. दर आठ-दहा वर्षांनी गच्चीवर नवा कोबा नाहीतर नवा थर चढतो आणि दर वेळी पाइपाचं तोंड थोडं थोडं बुजत जातं. मूळ चार इंची भोक अडीच इंचांवर आलेलं मी पाहिलं आहे. कधी उलट होतं. तोंडाची कड आजूबाजूच्या कोब्यापेक्षा वर राहते, पाणी तळं करून तिथेच थांबतं आणि कठड्याच्या मुळाशी, जिथे वाटा, म्हणजे कोपरा बुजवणारा उतरता माल, मारलेला असायला हवा, तिथून भिंतीत शिरतं. कठड्यापासून निघणारा काळा पट्टा हा.

खालचं तुंबणं मात्र दिसत नाही आणि तेच जास्त नुकसान करतं. तळाचा बेंड बंद झाला की पाइपात पाण्याचा खांब उभा राहतो. दहा मीटर उंचीचा पाण्याचा खांब तळाशी दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो दाब देतो. पावसाच्या पाइपाचे सांधे असा दाब सोसायला केलेले नसतात, ते वाहतं पाणी नुसतं खाली जाऊ देण्यासाठी असतात. मग जो सांधा कच्चा असेल तिथून पाणी पिचकारीसारखं भिंतीवर उडतं. वरच्या मजल्याची भिंत कोरडी आणि दुसऱ्या मजल्याची ओली असं दिसलं की मी तळ तपासते.

डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला असलेल्या एका सोसायटीचं उदाहरण सांगते. तळमजला अधिक चार मजले, भिंत पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे नैऋत्येचा पाऊस थेट अंगावर. ओल दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या बेडरूममध्ये. कमिटीचा संशय तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमवर. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी स्वतःच्या खर्चाने लाद्या फोडून पूर्ण बाथरूम नवीन केलं होतं. पुढच्या पावसात ओल पुन्हा आली, तेव्हा दोन्ही घरांतलं बोलणं बंद झालं. त्या बाथरूमचा यात काही संबंध नव्हता.

आम्ही एप्रिलमध्ये, भिंत खडखडीत वाळलेली असताना, पाइपाची चाचणी घेतली. गच्चीवरच्या टाकीतून नळी सोडली आणि पाण्यात कपड्यांची नीळ कालवली. प्रत्येक मजल्यावर, खिडकीशी एक माणूस उभा केला. थोड्या वेळाने खाली चेंबरमध्ये पाणी यायला हवं होतं, ते थेंब थेंब येऊ लागलं. वरून पाणी ओतणं चालूच होतं. मग दुसऱ्या मजल्यावरून काकांचा आवाज आला, "आलं! निळं आलं!" क्लॅम्पच्या वरच्या सांध्यातून निळी धार भिंतीवर उतरत होती. वहिनी जिन्यातून धावत खाली आल्या आणि दोघांनी ती धार शेजारी उभं राहून बघितली. नीळ चार आण्यांची असो की दहा रुपयांची, सोसायटीतले आरोप मिटवायला याहून खात्रीचं साधन मला माहीत नाही. रंग कुठल्या भिंतीवर उतरला यावर कुणी वाद घालू शकत नाही.

पाइप कापायला आलेला प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाड्याचा होता. मुंबई-ठाण्यात काम करणारे कितीतरी प्लंबर त्या एका जिल्ह्यातून येतात. त्याने तो सांधा बघून लगेच सांगितलं, "मॅडम, ये उल्टा लगा है." पाइपाच्या एका टोकाला सॉकेट असतं, म्हणजे रुंद तोंड. ते नेहमी वरच्या बाजूला हवं. वरच्या पाइपाचं निमुळतं टोक त्यात उतरतं, त्यामुळे पाणी आतल्या आत राहतं. इथे कधीतरी मधला तुकडा बदलताना सॉकेट खालच्या दिशेने बसवलं होतं. पाइप मोकळा असता तरी त्या सांध्यातून थोडं पाणी बाहेर झिरपलं असतंच. तुंबल्यावर तर धारच लागली.

तळाचा बेंड उघडला तेव्हा आधी काळा चिखल आला, मग लाद्या बसवताना गच्चीवर धुतलेल्या सिमेंटचा दगडासारखा गोळा, आणि त्यात रुतलेला भांडी घासायचा काथ्या. आवारात पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा जमीन अर्धा फूट उचलली गेली होती आणि पाइपाचं खालचं तोंड त्यात गाडलं गेलं होतं. ठाणे-डोंबिवलीत हे घरोघरी दिसतं. रस्त्याचं काँक्रीट झालं की रस्ता वर येतो, सोसायटी आवार वर उचलते, आणि पाइप मात्र जुन्या पातळीवर राहतो.

आम्ही बसवला तो ११० मिलिमीटरचा एसडब्ल्यूआर जातीचा, म्हणजे सांडपाणी आणि पावसाच्या पाण्यासाठीचा पाइप. सॉकेटं वर, सांध्यात रबरी रिंग, दर दीड-दोन मीटरला क्लॅम्प. पाइप भिंतीपासून दोन बोटं सुटा ठेवला, म्हणजे मागची भिंत दिसते आणि तिला रंगही लावता येतो. पाइपावर प्लास्टर करून तो लपवायला मी कधीच परवानगी देत नाही, कारण लपवलेला पाइप गळायला लागला की तो भिंतीच्या आतच गळतो. तळाला झाकणवाला बेंड, ज्याला प्लंबर डोअर बेंड म्हणतात, म्हणजे पुढच्या वेळी कापाकापी नको. पाइपाचं तोंड चेंबरच्या वर, पाणी पडताना दिसेल असं. बाल्कनीची मोरी आणि एसीचं पाणी या पाइपातून काढून टाकलं. गच्चीवरच्या तोंडाभोवती कोबा फोडून पसरट खळगा केला आणि घुमटाकार जाळी बसवली. सपाट जाळीवर एक प्लॅस्टिकची पिशवी येऊन बसली तरी पाइप बंद होतो.

जुन्या इमारतींत कधी कधी राखाडी रंगाचे ॲसबेस्टॉस सिमेंटचे पाइप असतात. ते ग्राइंडरने कोरडे कापू नयेत, त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ओले करून, शक्य तितके अखंड उतरवावेत. हे काम करणाऱ्या पोरांना कुणी सांगत नाही, म्हणून ते सांगणं कमिटीने आपलं समजावं.

एवढं झाल्यावर भिंत. पाइप नेहमी कोपऱ्यातून, म्हणजे बहुधा कॉलमच्या कडेने उतरतो. म्हणून पाइपाशेजारची ओल ही नुसती विटांची ओल नसते. हातोडीने प्लास्टर ठोकत जायचं. धरलेल्या प्लास्टरचा आवाज टणक येतो, सुटलेल्याचा पोकळ. पोकळ लागेल ते सगळं उतरवायचं, दिसायला चांगलं असलं तरी. विटांवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसते तो लोणा. ते मिठासारखे क्षार आहेत. पाण्याबरोबर वर येतात आणि पाणी उडून गेलं की मागे राहतात. ते कोरड्या ब्रशने झाडायचे. पाण्याने धुतले तर विरघळून पुन्हा विटेत जातात आणि नवं प्लास्टर आतून ढकलतात.

कॉलमवर उभा तडा गेलेला दिसला तर तिथे फार जपून. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, काँक्रीट आतून फुटतं, त्या फटीतून आणखी पाणी जातं. तिथे गवंडी आणि पुट्टी चालत नाही. स्ट्रक्चरल इंजिनीअरने बघायला हवं, गरज असेल तर टेकू लावायला हवेत. मग सुटं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचं, गंज घासून सळई चकचकीत करायची, गंजरोधक थर, आणि त्यावर पॉलिमर मिसळलेला माल. सळई फारच झिजली असेल तर जोडीला नवी सळई. ४ ऑगस्ट २०१५ च्या पहाटे ठाण्याच्या नौपाड्यातली कृष्णा निवास ही इमारत कोसळली आणि १२ माणसं गेली. तेव्हापासून पाइपामागचा कॉलम ठोकून बघितल्याशिवाय मी कुठल्याही इमारतीचा अहवाल लिहीत नाही. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. आमच्या भागातल्या बऱ्याच जुन्या इमारतींना आता तीन वर्षांचाच नियम लागू आहे.

त्या डोंबिवलीच्या भिंतीत कॉलम शाबूत निघाला, फक्त विटा भिजल्या होत्या. उघड्या विटा उन्हाला वाळत ठेवल्या. लोकांना हा काळ सहन होत नाही. परांची उभी आहे, भाडं चढतंय, भिंत उघडी दिसतेय, मग घाई होते. पण ओल्या विटेवर प्लास्टर केलं तर आतलं पाणी बाहेर पडायला वाटच उरत नाही. वाळल्यावर विटा आणि काँक्रीट जिथे मिळतात तिथे जाळी ठोकली, कारण दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात तापतात, निवतात आणि तडा नेमका त्या रेषेवर पडतो. मग एकास चार मालाचा पहिला थर, त्यावर दुसऱ्या थरासाठी टाचे, दुसऱ्या दिवसानंतर सँडफेस. सात दिवस पाणी मारलं, पश्चिमेच्या उन्हात गोणपाट लावून. रंग पुढे चार आठवड्यांनी.

घरातल्या बाजूने वॉटरप्रूफ रंग लावायचा आग्रह होतो, त्याबद्दल मी स्पष्ट बोलते. पाणी बाहेरून येत असताना आतला पृष्ठभाग बंद केला की ओल नाहीशी होत नाही, ती बाजूच्या कोरड्या भागाकडे सरकते आणि कपाटामागे निघते. बाहेरचं काम होईपर्यंत आतला रंग खरवडून भिंत मोकळी ठेवावी, पलंग दूर करावा. ओल्या भिंतीशी लहान मूल किंवा दम्याचा माणूस झोपत असेल तर त्याची खोली बदलावी.

खर्च कुणाचा, हा प्रश्न हटकून येतो. बाहेरच्या भिंती, गच्ची, कठडे, सामाईक पाइप आणि पावसामुळे होणारी गळती यांची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने सोसायटीच्या खर्चाने करायची असते. फ्लॅटच्या आतल्या बाथरूम, सिंकची गळती सभासदाची. म्हणून काकांनी बाहेरच्या प्लास्टरचे पैसे देण्याचं कारण नव्हतं, आणि वहिनींचे तर आधीच विनाकारण गेले होते. दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी ०.२५ टक्के जमवायचे असतात. ज्या सोसायटीने ते वर्षानुवर्षं जमवले तिला परांची बांधताना कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

वेळ मात्र हातून निसटते. मुंबईत मान्सून पोहोचण्याची नेहमीची तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला आणि मेअखेर रंग संपवायचा बेत केलेल्या अनेक सोसायट्यांची परांची पावसात उभी राहिली. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते, तेव्हा पावसाने दाखवलेले डाग ताजे असतात. त्याच सभेत ठराव करा. ऑक्टोबरमध्ये पाइपांची नीळ-चाचणी, नोव्हेंबरमध्ये दरपत्रकं, डिसेंबर ते मार्च काम. एप्रिल-मे हे राखीव ठेवा, रंगासाठी आणि अडचणींसाठी. जुलै-ऑगस्टमध्ये पट्टे कुठून सुरू होतात त्याचे फोटो मजल्याप्रमाणे काढून ठेवले तर ऑक्टोबरात शोधाशोध करावी लागत नाही.

करारपत्रात मी एक अट नेहमी घालायला लावते. कंत्राटदाराच्या रकमेतला शेवटचा हप्ता परांची उतरल्यावर द्यायचा नाही, पहिले दोन-तीन मोठे पाऊस होऊन गेल्यावर, गच्चीपासून चेंबरपर्यंत पाइप आणि भिंत कमिटीने आणि कंत्राटदाराने मिळून तपासून झाल्यावर द्यायचा. चांगले कंत्राटदार याला हरकत घेत नाहीत. जो घेतो, त्याचं दरपत्रक कितीही कमी असलं तरी बाजूला ठेवावं.